ख्रिस्तमंदिराचे अंगण : युवककार्य आणि खेळ यांचा इतिहास

धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेत युवकांचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की, मुले चर्चमध्ये येईनाशी झाली आहेत, तेव्हा क्रिकेट-व्हॉलीबॉलचे सामने भरवावेत, करंडक ठेवावेत. त्या निमित्ताने मुले येतील आणि आली की त्यांना धर्माच्या चार गोष्टी सांगता येतील. दुसरे मत असे की, प्रार्थना आणि धर्मशिक्षण हे ख्रिस्तसभेचे काम. खेळायला शाळा आहेत, क्लब आहेत, धर्मगुरूंनी शिट्टी वाजवीत मैदानात फिरणे शोभत नाही. ही मते परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. खेळ ही श्रद्धेबाहेरची गोष्ट आहे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. एकाला ती गळाला लावण्यापुरती हवी आहे, दुसऱ्याला ती कुंपणाबाहेर हवी आहे.

ख्रिस्तसभेचा इतिहास चाळला तर तो या दोहोंपैकी कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही. ज्या संतांनी आणि कार्यकर्त्यांनी तरुणांची मने श्रद्धेत घडवली, त्यांच्या जीवनात खेळ, सहल, गाणे, नाटक यांना मोठे स्थान होते. परंतु ते आमिष म्हणून नव्हते. खेळ हे त्यांच्या लेखी तरुणाच्या शेजारी उभे राहण्याचे ठिकाण होते. ही गोष्ट आज आठवणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण दृढीकरणाचा संस्कार झाल्यानंतर मुले धर्मग्रामातून दिसेनाशी होतात ही तक्रार आता घरोघरी आहे, आणि तिच्यावर सुचवले जाणारे उपाय बहुधा वरील दोन मतांच्याच चौकटीत फिरत राहतात.

पवित्र शास्त्राचा आधार

जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात, आठव्या अध्यायात, परमेश्वर पुन्हा वसवणार असलेल्या यरुशलेमचे चित्र आहे. त्या चित्रात काठी टेकत बसलेले वृद्ध आहेत आणि रस्त्यांवर खेळणारी मुले-मुली आहेत. परमेश्वराच्या कृपेने सावरलेले नगर ओळखायचे कसे, याची खूण म्हणून संदेष्ट्याने खेळणारी मुले निवडली आणि त्यांच्या जवळच वृद्धांना बसवले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या महाग्रंथात खेळाविषयी सद्गुण असू शकतो काय, असा सरळ प्रश्न घेतला आहे. गुरुविद्यालयात तो भाग शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना त्याचे नवल वाटले होते, कारण त्या गंभीर ग्रंथात अशा विषयाची अपेक्षा नसते. संत थॉमस यांचे उत्तर होकारार्थी आहे. शरीर थकते तसा आत्माही थकतो आणि त्याला विश्रांती लागते, असे ते म्हणतात. जुन्या तपस्व्यांच्या परंपरेतील एक गोष्ट ते तेथे देतात. संत योहान आपल्या शिष्यांसोबत करमणूक करीत असलेले पाहून एकाला राग आला. तेव्हा योहानाने त्याच्या हातातील धनुष्याकडे बोट दाखवून, हे सदा ताणलेलेच ठेवता येईल काय, असे विचारले. ताणून ठेवले तर ते मोडेल, असे उत्तर त्याला स्वतःलाच द्यावे लागले. संत थॉमस मर्यादाही घालतात. खेळ अश्लील वा दुसऱ्याला इजा करणारा नसावा, त्यात मनाचा तोल जाऊ नये आणि तो व्यक्ती, काळ व स्थळ यांना साजेसा असावा. मात्र जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदाला अडसर होतो, त्यालाही ते दोषमुक्त ठरवीत नाहीत.

रोममधील सात चर्चेसची पायवाट

ही तात्त्विक भूमिका प्रत्यक्षात आणणारा पहिला मोठा पुरुष म्हणून संत फिलिप नेरी यांचे नाव घ्यावे लागते. १५१५ साली फ्लॉरेन्स येथे जन्मलेला हा माणूस तरुणपणी रोमला आला आणि १५५१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. सान जिरोलामो चर्चलगतच्या आपल्या खोलीत ते तरुणांना जमवू लागले. दुकानांतील कारकून, दरबारी नोकर, कारागीर असे नाना तऱ्हेचे लोक तेथे येत. शास्त्रवाचन, मोकळी चर्चा, संतचरित्र, प्रार्थना आणि संगीत असा त्या मेळाव्याचा क्रम असे. जागा अपुरी पडू लागली तेव्हा चर्चच्या वरील माळ्यावर प्रार्थनाकक्ष करण्यात आला. लॅटिनमध्ये प्रार्थनाकक्षाला ‘ओरातोरियुम’ म्हणतात. त्यावरून या मेळाव्याला ओरेटरी हे नाव पडले, आणि पाश्चात्त्य संगीतातील ‘ओरातोरिओ’ या प्रकाराचे नावही तेथूनच आले.

उपवासकाळापूर्वी रोममध्ये कार्निव्हलचा धिंगाणा चाले. त्याविरुद्ध प्रवचने झोडण्याऐवजी फिलिप यांनी त्याच दिवसांत तरुणांना घेऊन रोममधील सात प्राचीन चर्चेसची पदयात्रा सुरू केली. वाटेत गाणी होती, मध्यान्ही एका बागेत सर्वांचे मिळून साधे जेवण होते, वाद्ये होती आणि छोटे प्रवचनही होते. मोजक्या सोबत्यांनिशी सुरू झालेल्या या यात्रेत पुढे हजारो माणसे चालू लागली. १५५९ मध्ये रोमच्या धर्माधिकाऱ्यांना या गर्दीचा संशय आला आणि काही काळ तिच्यावर बंदी घालण्यात आली. फिलिप यांनी आज्ञा पाळली. बंदी उठल्यावर ते पुन्हा चालू लागले. त्यांच्या खोलीबाहेर मुले गोंगाट करतात अशी तक्रार आली असता, ती पाप करीत नसतील तर त्यांनी माझ्या पाठीवर लाकडे फोडली तरी चालेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे चरित्रकार सांगतात.

फिलिप नेरी १५९५ साली निवर्तले. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्याच दिवशी त्याच समारंभात संत इग्नेशियस लोयोला, संत तेरेजा, संत इसिदोर आणि आपल्या गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर यांनाही संत म्हणून घोषित करण्यात आले. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत मुलांना गोळा करायचे आणि श्रद्धेची तत्त्वे चालीवर म्हणवून घ्यायची, हा त्यांचा परिपाठ होता. एक रोमच्या रस्त्यांवर, दुसरा गोव्याच्या रस्त्यांवर. तरुणांनी आपल्याकडे यावे म्हणून दोघेही दारात वाट पाहत बसले नाहीत.

ट्यूरिनमधील एक शेड

फिलिप नेरी यांच्यानंतर सुमारे तीन शतकांनी, उत्तर इटलीतील बेक्की नावाच्या वाडीत, १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉन बॉस्को यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. आई मार्गारेट हिने मोलमजुरी आणि शेती करून मुलांना वाढवले. लहानगा जॉन जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ निरखून पाही आणि तसेच खेळ घरी शिकून घेई. गवताळ माळावर दोन झाडांमध्ये दोर बांधून तो त्यावरून चालत असे. खेळ पाहायला शेजारीपाजारी जमत. मात्र आधी जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे, मग दोरावरची चाल पाहायची, असा त्याचा दंडक होता.

कोणी म्हणेल, हे आमिषच झाले! बालवयात तसे ते असेलही. परंतु पुढे किएरी गावात शिकत असताना त्यांनी मित्रांची ‘आनंद मंडळी’ काढली, तेव्हा विचार अधिक परिपक्व झाला होता. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे कृत्य वा भाषण करायचे नाही, शाळेचे व धर्माचे कर्तव्य चुकवायचे नाही आणि आनंदी राहायचे, असे तिचे साधे नियम होते. आनंद हा येथे बक्षीस म्हणून येत नाही. तो नियमांच्या यादीत कर्तव्याच्या जोडीने बसला आहे.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते ट्यूरिन शहरात आले. शहर झपाट्याने वाढत होते. आसपासच्या डोंगराळ भागांतून गवंड्यांच्या हाताखाली काम करणारी, धुराडी साफ करणारी, मिळेल ते काम करणारी पोरे तेथे लोटत होती. त्यांचा धर्मग्राम गावी राहिला होता आणि शहरातल्या धर्मग्रामाला ती आपली वाटत नव्हती. तुरुंगातील भेटींत डॉन बॉस्को यांनी पाहिले की, सुटून गेलेली मुले पुन्हा पुन्हा तेथेच येतात, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नसते. ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चच्या वस्त्रागारात बार्थोलोम्यू गारेली नावाचा एक पोरका गवंडीकामगार मुलगा शिरला. मिस्सासेवा येत नाही म्हणून वस्त्रागार सांभाळणाऱ्याने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले. लिहिता-वाचता येत नाही, गाता येत नाही, असे मुलगा सांगत गेला, तेव्हा शीळ तरी घालता येते का, असे त्यांनी विचारले आणि मुलगा हसला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सालेशियन कार्याची सुरुवात त्या दिवसापासून मोजतात.

पुढच्या रविवारी तो मुलगा मित्रांना घेऊन आला. संख्या वाढली आणि मुलांचा गोंगाटही वाढला. १८४४ ते १८४६ या काळात या ओरेटरीला एकही जागा पुरली नाही. दवाखान्याची इमारत, दफनभूमीलगतचे चर्च, पिठाच्या गिरण्यांजवळचे आवार, भाड्याच्या खोल्या, उघडे कुरण अशा जागा एकामागून एक सोडाव्या लागल्या. कोठे शेजाऱ्यांची तक्रार, कोठे मालकाची नाराजी, तर कोठे नगराधिकाऱ्यांना बंडाचा वास! अखेर १८४६ च्या पुनरुत्थानाच्या रविवारी, १२ एप्रिल रोजी, वाल्दोक्को भागातील पिनार्डी नावाच्या गृहस्थाची बुटकी शेड त्यांना मिळाली. शेडीच्या आत उपासना आणि शेडीबाहेर मैदान. या दोहोंचे नाते पुढे तुटले नाही.

तेथील रविवार सकाळी पापनिवेदनाने सुरू होई. मग मिस्सा, शुभवर्तमानाचे वा शास्त्रकथेचे निरूपण, त्यानंतर खेळ. दुपारी धर्मशिक्षण व सायंप्रार्थना, आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत खेळ. चेंडू होता, उंच बांबूंवरून चालणे होते. ‘बारा रोत्ता’ नावाचा धावपळीचा खेळ विशेष आवडीचा होता. त्यात दोन संघ असत. शत्रूच्या हाती सापडलेला गडी कैदेत जाई आणि आपल्या गड्याचा हात लागला की सुटे. डॉन बॉस्को स्वतः त्यात धावत. खेळता खेळता एखाद्या मुलाच्या कानाशी लागून ते एक वाक्य बोलत आणि पुढे जात. घरी आई आजारी आहे का, पापनिवेदनाला कधी येतोस, असे काही ते असे. व्यासपीठावरून केलेले तासभराचे प्रवचन जेथे पोहोचत नाही तेथे हे एक वाक्य पोहोचे, कारण ते सोबत धावलेल्या माणसाचे असे.

आणखी एक बाब आम्ही मुद्दाम नोंदवतो. रविवारी खेळायला मुलगा मोकळा हवा असेल तर मालकाने त्याला रविवारी सोडले पाहिजे. डॉन बॉस्को यांनी कामगार मुलांच्या वतीने मालकांशी लेखी करार केले. १८५२ सालचा असा एक करार जतन झालेला आहे. शिकाऊ मुलाला धंद्याचेच काम द्यावे, चूक झाल्यास शब्दाने समजवावे, सणावारी मोकळीक द्यावी, अशी कलमे त्यात आहेत. खेळाचा प्रश्न न्यायाच्या प्रश्नापर्यंत जातो, हे त्या कराराच्या कागदाने दाखवून दिले.

दोन मैदाने

१८५४ साली वाल्दोक्कोला आलेला डॉमनिक सावियो नावाचा मुलगा संत होण्याच्या ओढीने कठोर तपश्चर्या करू पाहत होता. डॉन बॉस्को यांनी त्याला आवरले आणि अभ्यास, प्रार्थना व सोबत्यांबरोबर खेळणे यांत सतत आनंदी राहण्यास सांगितले. १८५७ मध्ये, पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो वारला. १९५४ साली ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले. मैदानावर एकटा पडलेला नवा मुलगा हेरून त्याच्याशी मैत्री करणे, हे डॉमनिक आणि त्याच्या मित्रांनी आपले व्रत मानले होते.

१८७७ साली डॉन बॉस्को यांनी आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. विवेक, धर्म आणि वत्सलता हे तिचे तीन आधार. मुलांना उड्या मारायला, धावायला, हवा तेवढा गोंगाट करायला पूर्ण मुभा असावी. व्यायाम, संगीत, नाटक, सहली ही शिस्त व नीती राखण्याची प्रभावी साधने आहेत, असे तेथे आवर्जून सांगितले आहे. त्या ठिकाणी ते साक्ष कोणाची काढतात? तीनशे वर्षांपूर्वीच्या संत फिलिप नेरी यांची. परंपरेचा धागा असा एका हातातून दुसऱ्या हातात आला.

परंतु आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे तो १० मे १८८४ रोजी रोमहून पाठवलेले पत्र. डॉन बॉस्को तेव्हा वृद्ध झाले होते. संस्था देशोदेशी पसरली होती, इमारती मोठ्या झाल्या होत्या. त्या पत्रात त्यांनी एक स्वप्न सांगितले आहे. दोन माजी विद्यार्थी त्यांना वाल्दोक्कोचे मैदान दाखवतात. प्रथम दिसते ते १८७० पूर्वीचे मैदान. कोणी धावतो आहे, कोणी उड्या मारतो आहे, एका धर्मगुरूंभोवती गोष्ट ऐकायला मुलांचा घोळका जमला आहे, दुसरीकडे एक दीक्षार्थी मुलांसोबत खेळात रंगला आहे. हसणे आणि गाणे यांनी आवार भरले आहे, आणि जेथे मुले तेथे धर्मगुरू. मग दिसते तेव्हाचे, १८८४ चे, मैदान. मुले आहेत, पण खेळ मंदावला आहे. काही जण खांबांना टेकून उभे आहेत, काही जिन्यात, काही वऱ्हांड्यात रेंगाळत आहेत, कुजबुजत आहेत. आणि वडीलधारे? कोणी आपसांत बोलत फेऱ्या घालीत आहेत, कोणी दुरून नजर ठेवून आहेत. खेळणाऱ्यांत त्यांच्यापैकी क्वचितच कोणी दिसतो.

या पत्राचे निदान मार्मिक आहे. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जाते हे मुलांना कळले पाहिजे. त्यांना आवडणाऱ्या गोष्टींत कोणी त्यांच्यासोबत सहभागी झाले, तर त्यांना न आवडणाऱ्या गोष्टींतील, म्हणजे शिस्त, अभ्यास आणि आत्मसंयम यांतील प्रेमही ती ओळखू लागतात. मैदान थंड पडले म्हणूनच पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद यांविषयीची ओढ थंड पडली, असा स्पष्ट संबंध त्यात जोडला आहे. ज्या पुरुषाने हे सारे उभारले, त्याच्या हयातीत, त्याच्याच अंगणात हा ऱ्हास सुरू झाला होता! मैदान होते, मुले होती, धर्मगुरूही होते. फक्त त्यांची उभी राहण्याची जागा बदलली होती.

मुलींचे अंगण आणि शेजारचे अंगण

ही परंपरा केवळ मुलांची नव्हती. मोर्नेसे या खेड्यात मेरी डॉमिनिका मात्सारेल्लो नावाची शेतकऱ्याची मुलगी १८६० मध्ये विषमज्वराने आजारी पडली. शेतीचे कष्ट करण्याची ताकद उरली नाही, तेव्हा ती शिवणकाम शिकली आणि गावातील मुलींना शिकवू लागली. रविवारी त्याच मुली प्रार्थना, धर्मशिक्षण आणि मोकळ्या खेळासाठी तिच्याभोवती जमत. १८७२ साली डॉन बॉस्को यांच्या साहाय्याने धर्मभगिनींचा संघ स्थापन झाला, तो याच अंगणातून. आपल्या अनेक धर्मग्रामांत आजही मैदान मुलांचे आणि मुलींच्या वाट्याला प्रेक्षकांची बाके अशी वाटणी दिसते. तिला या इतिहासात आधार सापडत नाही.

आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचे कार्यही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातील तरुण नोकराने आणि त्याच्या सोबत्यांनी प्रार्थना व शास्त्राभ्यासासाठी वायएमसीए ही संघटना काढली. तिच्या अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण विद्यालयात, डिसेंबर १८९१ मध्ये, ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा एक खेळ बेतला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या, तेरा नियम लिहिले. धक्काबुक्की टळावी म्हणून चेंडू घेऊन पळण्यास मनाई केली. हा बास्केटबॉल. १८९५ साली त्याच संघटनेच्या होलिओक शाखेतील विल्यम मॉर्गन यांनी प्रौढांनाही झेपेल असा दुसरा खेळ काढला. तोच पुढे व्हॉलीबॉल झाला. आज आमच्या चर्चच्या पटांगणात जाळी बांधून जो खेळ चालतो, तो एका ख्रिस्ती युवक संघटनेत जन्मला, हे खेळणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? नियम आणि चेंडू जगभर गेले. त्या खेळामागचा हेतू मात्र चेंडूबरोबर आपोआप गेला नाही. तो नेण्यास दर ठिकाणी कोणी माणूस लागतो.

खेळाच्या पलीकडील उपक्रमांतही हाच धडा दिसतो. बेल्जियममधील जोसेफ कार्डिन हे गुरुविद्यालयातून सुटीत घरी आले, तेव्हा कारखान्यात कामाला लागलेले त्यांचे बालमित्र त्यांच्यापासून आणि ख्रिस्तसभेपासून दुरावलेले त्यांना दिसले. ते शल्य त्यांनी आयुष्यभर बाळगले आणि १९२५ मध्ये युवा ख्रिस्ती कामगार चळवळ उभी केली. पाहा, पारखा, कृती करा अशी तिची त्रिसूत्री. तरुणांच्या लहान गटाने आपल्याच जीवनातील एक घटना घ्यायची, शुभवर्तमानाच्या प्रकाशात तिचा विचार करायचा आणि एक ठोस कृती ठरवायची. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या विश्वपत्रात या पद्धतीचा पुरस्कार केला. येथेही धर्मगुरू पुढे उभा राहून बोलत नाही. तो गटात बसून ऐकतो.

आपल्या मातीत

सालेशियन धर्मगुरू १९०६ साली तंजावरला आले, १९२२ मध्ये आसामात आणि १९२८ मध्ये मुंबईत. तारदेव आणि पुढे माटुंगा येथील त्यांच्या आवारात मुंबईकरांच्या अनेक पिढ्या खेळल्या. परंतु श्रद्धा आणि सामूहिक आनंद यांची सांगड महाराष्ट्र-गोव्याला परकी कधीच नव्हती. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि रविवारी लोकांच्या मेळ्यात गायले जाऊ लागले. ओवी ही येथल्या लोकांच्या कानांना रुचणारी, म्हणून त्यांनी ओवीच निवडली.

मग आपल्या मुलांच्या खेळांकडे आपण तशा नजरेने कधी पाहिले आहे काय? कबड्डीत बाद झालेला गडी ‘मरतो’ आणि सोबत्याने गुण मिळवला की ‘जिवंत होतो’. दुसऱ्याच्या पराक्रमाने मेलेला परत उठतो, ही गोष्ट आमची मुले संध्याकाळी मातीत प्रत्यक्ष अनुभवतात आणि रविवारी तीच गोष्ट त्यांना पुस्तकातून समजावताना आम्ही घामाघूम होतो. खो-खोमध्ये बसलेला गडी आपल्या मनाने उठत नाही. मागून हाक आली, पाठीवर हात पडला की त्याने क्षणाचाही विलंब न लावता धावायचे असते. पाचारण म्हणजे काय, हे शिकवायला याहून जवळचा दाखला कोणता? मात्र खेळ थांबवून प्रवचन सुरू करू नये. खेळ मनसोक्त होऊ द्यावा. घाम पुसत सारे गोल बसले की, तू बाद होऊन बाहेर उभा होतास तेव्हा तुला काय वाटत होते, एवढाच प्रश्न एखाद्या मुलाला विचारावा. उत्तर त्यानेच द्यावे.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, खेळ मनाचा समतोल राखतात आणि माणसामाणसांत बंधुभाव निर्माण करतात, असे म्हटले. २०१८ मध्ये व्हॅटिकनने खेळ या विषयावर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला, तर २०१९ च्या ‘ख्रिस्तुस विविट’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी सर्वांना दार उघडे ठेवणाऱ्या युवककार्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी अल्पवयीनांच्या संरक्षणासंबंधी कडक नियमही त्यांनी लागू केले. हे दोन विषय वेगळे नाहीत. जगात अनेक ठिकाणी धर्मसेवकांनी मुलांच्या विश्वासाचा घात केला हे सत्य झाकून मुलांच्या सहवासाची थोरवी गाता येणार नाही. डॉन बॉस्को यांचा सहवास उघड्या मैदानावर, सर्वांच्या नजरेसमोर होता. आजही सहवास तसाच असला पाहिजे. उघडी जागा, एकाहून अधिक जबाबदार वडीलधारे आणि पालकांना पूर्ण माहिती, ही पथ्ये पाळल्याने वत्सलता कमी होत नाही.

आम्ही ज्या धर्मग्रामांत सेवा केली, तेथील सभागृहांत करंडकांची कपाटे पाहिली. त्यांत वाईट काही नाही. परंतु करंडकासाठी संघ निवडला जातो तेव्हा अकरा मुले आत येतात आणि चाळीस मुले कुंपणाला टेकून उभी राहतात. १८८४ च्या स्वप्नातील खांबाला टेकलेली मुले ती हीच! त्यांत बहुधा असतो तो परप्रांतातून कामासाठी आलेल्या कुटुंबातील मुलगा, पाड्यावरून चालत येणारी मुलगी, नीट धावता न येणारा कोणी. ट्यूरिनमध्ये नेमकी अशाच मुलांपासून सुरुवात झाली होती. आज त्या टेकलेल्या मुलाच्या हातात मोबाइल फोन आहे, आणि त्याच्याशी खेळायला तो यंत्रातला अनोळखी गडी सदैव तयार आहे. आम्ही मात्र सभेत आहोत.

म्हणून युवक मंडळाच्या कार्याचे मोजमाप करताना किती सामने भरले आणि किती शिबिरे झाली यांपेक्षा तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. बाहेर कोण उभा राहिला? वडीलधारे कोठे उभे होते? खेळ संपल्यावर कोण कोणाशी काय बोलले? या प्रश्नांना पैसे लागत नाहीत आणि करंडकही लागत नाहीत. धर्मगुरूंचा दर रविवारचा एक तास आणि दोन-चार पालकांच्या संध्याकाळी लागतात. वयामुळे धावता येत नसेल तर गुण मोजता येतात, पाण्याचा हंडा भरता येतो, बाद झालेल्यांच्या बाकावर बसता येते. आम्ही स्वतः आता बहुधा त्या बाकावरच असतो, आणि मुले तेथे जेवढे मोकळेपणाने बोलतात तेवढे कार्यालयात येऊन बोलत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

जखऱ्याच्या नगरात वृद्ध आणि मुले एकाच रस्त्यावर आहेत. येत्या रविवारी मिस्सा संपल्यानंतर प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या अंगणाकडे एकदा निरखून पाहावे. तेथे मुले असतील, तर त्यांच्यात कोण आहे, हे पाहावे. तेथे कोणीच नसेल, तर एक चेंडू घेऊन आपणच आधी जाऊन उभे राहावे.